मालवणच्या एका तांडेलाचा मोतीबिंदू आणि लेन्सची निवड

पेशंट पुरुष, वय ६४, मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरचे. गिलनेटच्या (पाण्यात उभ्या सोडायच्या जाळ्याच्या) यांत्रिक होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य, हाताखाली चार खलाशी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना नुसतं तांडेल म्हणते. मी डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांचा नंबर आणि मापं काढणारी आहे. ऑपरेशन सर करतात. त्याआधीची मापं आणि घरच्यांशी लेन्सबद्दलची बोलणी माझ्याकडे असतात. या प्रकरणात लेन्स कुठली हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला आणि पंधरा मिनिटांत सुटला. वेळ गेला तो त्याच्या आधीच्या गोष्टींत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तक्रार

मे महिन्याचा पहिला आठवडा. बरोबर मुलगा, मुंबईचा चाकरमानी, सुट्टीवर आलेला. दहा दिवसांत वडिलांच्या डोळ्यांचं काम उरकून परत जायचं, असा त्याचा बेत होता. मोबाईलवर त्याने लेन्सची सगळी माहिती काढून ठेवली होती. वडील खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, ट्रायफोकल टाकायची आहे. सगळ्यात चांगली कंपनी सांगा, पैशांचं बघू नका." ट्रायफोकल म्हणजे दूर, मध्यम आणि जवळ अशा तिन्ही अंतरांची लेन्स.

तांडेलांचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. "बाय, रातचो समोरच्या होडयेचो दिवो फुटता. एकाचे तीन दिसतत. तांबडो खयचो नि हिरवो खयचो, कळना नाय." आणि लगेच कौतुकाने, "पण पेपर बिगरचष्म्यान वाचतंय हां. दोन वर्सां झाली."

दोन्ही वाक्यं मी केसपेपरवर तशीच्या तशी उतरवून घेतली. होडीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. काळोखात समोरच्या होडीचा कुठला दिवा दिसतो, यावरून ती येते आहे की आडवी चालली आहे ते कळतं. तो दिवा फुटून दिसला तर तांडेलाचा अंदाज चुकतो. त्यात मालवण बंदरात शिरताना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूची खडपं, म्हणजे पाण्यातले खडक आहेत. तिथे अंदाज चुकून चालत नाही.

दुसऱ्या वाक्याचा अर्थ घरच्यांनी "नजर परत आली" असा घेतला होता. तसं काही नसतं. वयाप्रमाणे डोळ्यातल्या नैसर्गिक लेन्सचा गाभा घट्ट आणि पिवळा होत जातो, प्रकाश जास्त वळवू लागतो आणि डोळ्याला उणे नंबर येतो. त्यामुळे जवळचं काही काळ बिनचष्म्याचं दिसतं. हीच मोतीबिंदूची सुरुवात. लोक मात्र नेमके याच काळात डॉक्टरकडे जायचं टाळतात, कारण त्यांना बरं वाटत असतं.

तपासणीत उजव्या डोळ्याची नजर चष्म्यासकट ६/३६ आली, म्हणजे निरोगी डोळा ३६ मीटरवरून वाचतो ते यांना सहा मीटरवरून दिसतं. गाभा कडकपणाच्या तिसऱ्या पायरीवर, पिवळट तपकिरी, आणि लेन्सच्या मागच्या बाजूला मधोमध धुरकट चकती. ही मागची चकती आकाराने लहान असते पण छळते फार: समोरून उजेड आला की तो तिच्यावर विखुरतो. दिवा फुटायचं कारण तेच. डाव्या डोळ्याला उणे १.७५ नंबर, चष्म्याने ६/१२, मोतीबिंदू मध्यम. डोळ्यांचं प्रेशर दोन्हीकडे ठीक.

आणि उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढलेलं, कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेवर, तीन मिमी आत सरकलेलं. डाव्या डोळ्यात तेच, पण जेमतेम एक मिमी.

पिशवीतल्या गोळ्या

पेशंटला कुठल्या गोळ्या चालू आहेत असं विचारलं तर "शुगरची नि प्रेशरची" एवढंच उत्तर येतं. म्हणून आम्ही गोळ्यांची पिशवीच आणायला सांगतो. तांडेलांनी दुसऱ्या दिवशी आणली: मेडिकलवाल्याची निळी पिशवी, तिच्यात रबरबँड लावलेल्या पट्ट्या, अर्ध्या रिकाम्या, काहींची नावं फाडलेल्या टोकाबरोबर गेलेली. शुगरची, प्रेशरची, आणि एक कॅप्सूलची पट्टी जिच्याबद्दल कोणी बोललंच नव्हतं. "ती लघवीची. रातचा उठूचा लागता म्हणान." त्यावर नाव होतं टॅमसुलोसिन.

प्रोस्टेटसाठी हे औषध साठीच्या पुढच्या कितीतरी पुरुषांना चालू असतं. ते जसं मूत्रमार्गाच्या स्नायूवर काम करतं तसंच डोळ्यातल्या बाहुलीभोवतीच्या स्नायूवरही करतं. मग ऑपरेशन चालू असताना बाहुली एकाएकी लहान होते आणि तिच्या भोवतीचा रंगीत पडदा ढिला पडून आतल्या पाण्याच्या प्रवाहाबरोबर फडफडतो. अमेरिकेतल्या चँग आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी २००५ मध्ये याचं वर्णन प्रसिद्ध केलं. औषध आठवडाभर बंद ठेवून फारसा उपयोग होत नाही, कारण परिणाम बराच काळ राहतो. आणि औषध आपल्या मनाने बंद केल्यावर लघवी अडली तर वेगळंच संकट. सर्जनला आधी माहीत असणं हाच उपाय, मग तो तयारीनिशी बसतो. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहून ठेवलं.

मधुमेह अकरा वर्षांचा, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचं माप) ८.४. आतला पडदा म्हणजे रेटिना तपासला, ओसीटी (रेटिनाच्या थरांचं प्रकाशाने केलेलं स्कॅन) केलं. रेटिनावर मधुमेहाच्या सुरुवातीच्या खुणा म्हणजे रक्ताचे बारीक ठिपके होते. मध्यभागी सूज नव्हती. ऑपरेशन करायला हरकत नव्हती, पण शुगर खाली आणायची होती. आणि लेन्सच्या निवडीतही या ठिपक्यांचा वाटा पुढे आलाच.

आधी मांस, मग मोती

या प्रकरणाचा गाभा हा.

डोळ्यात वाढणाऱ्या मांसाला वैद्यकीय नाव टेरिजियम. ऊन, वारा, धूळ यांच्यात आयुष्य गेलेल्यांना ते होतं. पाण्यावरून परतणारी अतिनील किरणं हे मोठं कारण. किनाऱ्यावर फिरलात तर साठीच्या मच्छीमारांत ते जागोजागी दिसेल. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो, म्हणून कोणी काढत नाही, आणि लहान असेल तर काढायची गरजही नसते.

पण तीन मिमी आत आलेलं मांस कॉर्नियाला त्या बाजूने ओढून चपटं करतं. कॉर्निया आडवा एक आणि उभा एक असा दोन वेगळ्या वळणांचा होतो. हाच सिलिंडरचा नंबर. तांडेलांच्या उजव्या कॉर्नियाचं माप आडवं ४१.२५ आणि उभं ४४ आलं, म्हणजे पावणेतीनचा सिलिंडर.

मुलाने हा रिपोर्ट त्याच संध्याकाळी मुंबईला ओळखीत कोणाला पाठवला. तिकडून निरोप आला की सिलिंडर एवढा आहे तर टोरिक ट्रायफोकल घ्या, साधी ट्रायफोकल चालणार नाही. कागदावर हा सल्ला बरोबरच होता. टोरिक लेन्स सिलिंडर काढण्यासाठीच असते. पण कागदावरचा आकडा तांडेलांच्या डोळ्याचा नव्हता. मांसाने ओढून वाकवलेल्या कॉर्नियाचा होता. मांस पुढे कधीतरी काढलं असतं की कॉर्निया बराचसा मूळ आकाराला आला असता, आणि आत बसवलेली टोरिक लेन्स नसलेला सिलिंडर दुरुस्त करत बसली असती, म्हणजे नवा तयार करत.

शिवाय गोलाईच्या नंबराचाही घोळ झाला असता. डोळ्यात किती नंबरची लेन्स बसवायची याचं गणित मुख्यतः दोन मापांवर चालतं: डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचं वळण. लांबीत एक मिमीची चूक झाली तर अडीच-तीन नंबरांचा फरक पडतो. वळणातली एका नंबरची चूक जवळजवळ तशीच्या तशी अंगावर येते.

सरांनी सांगितलं, आधी मांस काढू, कॉर्निया स्थिर होऊ दे, पुन्हा मोजू, मगच मोतीबिंदू. मुलाचा चेहरा पडला. त्याची रजा संपत होती. "दोन्ही एकदम नाही का होणार?" होतं, काही ठिकाणी करतातही. पण मग कॉर्निया नंतर कुठे जाऊन थांबेल याचा अंदाज बांधून लेन्सचा नंबर काढावा लागतो. शेतावरच्या म्हाताऱ्या आजीच्या बाबतीत, जिला दोनदा आणणारं कोणी नाही, आम्हीही कदाचित तेच केलं असतं. इथे तशी अडचण नव्हती आणि रात्रीचा दिवा ओळखायचा होता.

तांडेलांना वेगळी चिंता. "म्हणजे माझो सीझन गेलो?" यावर मीच त्यांना बंदीची आठवण दिली. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, एकसष्ट दिवस. होडी तशीही ओढून झाकून ठेवलेली असणार. मेचे उरलेले दिवस पुतण्याने होडी बघितली की झालं. मग ते गप्प झाले आणि बोटांवर महिने मोजून म्हणाले, "नारळी पुनवेक दर्यात जाऊक गावात मा?" सर म्हणाले, बघू.

मग शेजारणीची शंका आली, सुनेच्या तोंडून: पावसात डोळ्याचं ऑपरेशन करतात का, थंडीत करायचं असतं ना? ही समजूत जुन्या पद्धतीच्या काळातली. तेव्हा मोठी चीर, टाके, आठवडाभर पडून राहणं असायचं, उन्हाळ्याच्या घामात नि पावसाच्या दमटपणात जखम चिघळण्याची भीती वाटायची. तिच्या जोडीची दुसरी समजूत जास्त घातक: मोती पिकू द्यावा. आता पिकायची वाट बघितली तर गाभा इतका कडक होतो की फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी मरतात. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

मेच्या मध्याला मांस काढलं. नुसतं खरवडून काढलं तर ते पुन्हा उगवण्याचं प्रमाण फार असतं, म्हणून त्याच डोळ्याच्या वरच्या भागातला पातळ पारदर्शक पापुद्रा काढून उघड्या जागी चिकटवला. पहिले चार दिवस "डोळ्यात वाळू गेल्यासारख्या" वाटत राहिलं, ते वाटतंच.

सहा आठवड्यांनी मोजलं, दोन आठवड्यांनी पुन्हा. दोन्ही वेळचे आकडे जुळले: आडवं ४३.५०, उभं ४४.२५. पावणेतीनचा सिलिंडर पाऊणवर आला. टोरिक लेन्सची गरजच संपली. आणि गणिताने मेमध्ये २२ नंबरची लेन्स सांगितली होती, ती आता २१ सांगू लागली. बावीसची बसवून पुढे मांस काढलं असतं तर उजव्या डोळ्याला सुमारे एक उणे नंबर राहिला असता, म्हणजे दूरच्या समुद्रासाठी पुन्हा चष्मा.

लांबी मोजतानाही थोडी अडचण आली. प्रकाशाने मोजणारं मशीन मागच्या धुरकट चकतीमुळे उजव्या डोळ्याचं माप देईना. मग अल्ट्रासाऊंडने मोजलं, डोळ्यावर पाण्याची वाटी ठेवून, म्हणजे प्रोब कॉर्नियाला टेकत नाही. टेकवून मोजायची पद्धत अजून सर्रास चालते. हात जरा जड पडला की कॉर्निया दबतो, लांबी कमी येते आणि पेशंटला नंतर चष्मा लागतो. उजवा २३.४ मिमी, डावा २३.३. दोन डोळ्यांत एवढाच फरक आला म्हणजे मापावर भरवसा ठेवता येतो.

पैशांचं बघू नका

आता लेन्स. मुलगा व्हिडिओ कॉलवर, सून नि तांडेल माझ्यासमोर.

मी लेन्सचा तक्ता काढण्याआधी तांडेलांना त्यांची रात्र सांगायला लावली. किती वाजता निघता, काय काय बघता, किती अंतरावरून. ते रंगात आले. निघताना बंदरातली खडपं. बाहेर पडल्यावर दुसऱ्या होड्यांचे दिवे. लांबवर एलईडी लावून मासे गोळा करणाऱ्या बोटी. ती मासेमारी बंदी असून चालते. तिच्यावर ते पाच मिनिटं बोलले, त्यातलं इथे छापण्याजोगं फार थोडं आहे. त्या बोटींचा लखलखाट डोळ्यावर आला की पुढची काही मिनिटं काही सुचत नाही. मग हाताच्या अंतरावर जीपीएस आणि फिश फाइंडरचा पडदा. घरी आल्यावर जाळ्याच्या गाठी, त्या एकदम जवळून, पण दिवसाउजेडी, ओटीवर बसून.

ट्रायफोकल लेन्स चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. ती डोळ्यात येणारा प्रकाश दूर, मध्यम आणि जवळ अशा तीन ठिकाणी वाटते, आणि वाटताना दहा ते पंधरा टक्के प्रकाश वायाही जातो. भरपूर उजेडात ते जाणवत नाही. काळोखात बाहुली मोठी होते, एकेक दिव्याभोवती वर्तुळं दिसतात, काळ्या पाण्यावरची काळी वस्तू उठून दिसत नाही. बहुतेकांना त्या वर्तुळांची काही महिन्यांत सवय होते. पण ज्या माणसाचं गाऱ्हाणंच "दिवो फुटता" हे आहे, त्याच्या डोळ्यात दिवे फोडणारी लेन्स बसवणं म्हणजे पैसे मोजून तक्रार कायम करणं. त्यात मधुमेहाचे ठिपके. आज मध्यभाग कोरडा आहे. पुढे सूज आली तर रेटिनाची ताकद कमी होईल, आणि त्यात प्रकाश आधीच वाटून घेतलेला असेल.

मुलगा ऐकून घेत होता पण पटलेलं नव्हतं. "म्हणजे तुम्ही साधी लेन्स म्हणताय. पॉलिसी आहे माझ्या कंपनीची." पॉलिसीत दर डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते आणि बऱ्याच पॉलिसी मल्टिफोकलचा, म्हणजे ट्रायफोकलसारख्या अनेक अंतरांच्या लेन्सचा, वाढीव खर्च देत नाहीत, हे त्याला वाचून दाखवलं. तरी त्याची अडचण पैशांची नव्हतीच, हे मला कळत होतं. वर्षातून दोनदा गावी येणाऱ्या मुलाला वडिलांसाठी काहीतरी सगळ्यात भारी करायचं होतं, आणि मी त्याला मधली वस्तू दाखवत होते.

तांडेलांनीच निकाल लावला. "चष्मो घालूचो लागलो तरी चलात. पण दर्यात दिवो एकच दिसाक होयो."

ठरलं ते असं: उजव्या डोळ्यात घडीची, हायड्रोफोबिक (पाणी शोषून न घेणाऱ्या) अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकची, एकाच अंतराची, अस्फेरिक (काठाकडे वळण कमी होत जाणारी) लेन्स, नंबर २१, दूरसाठी. सरकारी दवाखान्यात मोफत ऑपरेशनाची वाटही मी सांगितली होती. ती मी सगळ्यांनाच सांगते. तिथे पुष्कळदा टाक्याशिवायची हाताने करायची पद्धत असते, सहा-सात मिमीची चीर घेऊन. अनुभवी हातात दूरची नजर उत्तम येते, कडक मोतीबिंदूत तर ती पद्धत जास्त सुरक्षित ठरते. चीर मोठी असल्याने थोडा सिलिंडर येऊ शकतो, एवढाच फरक. तांडेलांनी आमच्याकडेच करायचं ठरवलं.

जाता जाता त्यांनी एक प्रश्न विचारला: बाहेरची वस्तू डोळा कसा काय ठेवून घेतो, काटा गेला तर दोन तासांत लाल होतो. याचं उत्तर मला फार आवडतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक असायचं. गोळी लागून ते फुटलं की वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे घुसायचे. हॅरॉल्ड रिडली या सर्जनला दिसलं की ते तुकडे वर्षानुवर्षं आत राहूनही डोळा शांत आहे. त्याच प्रकारच्या प्लास्टिकची लेन्स त्याने २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये एका पेशंटच्या डोळ्यात बसवली. आपल्याकडे अशा लेन्स सामान्य माणसाला परवडू लागल्या त्यात मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९९२ मध्ये सुरू केलेल्या ऑरोलॅबचा मोठा हात. तांडेलांनी मान हलवली आणि विचारलं, "मग विमान कोणाचा पडला?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ऑपरेशन

जुलैचा दुसरा आठवडा. एचबीए१सी ७.४ वर आला होता. भूल थेंबांची.

लोक याला "लेझरने केलं" म्हणतात. बहुतेक वेळा लेझर नसतो. फेको म्हणजे अल्ट्रासाऊंडने कंप पावणारी पोकळ सुई. ती गाभ्याचे तुकडे करते आणि शोषून घेते. चार्ल्स केल्मन या अमेरिकी डॉक्टरांना दातांची कीट काढणारं अल्ट्रासाऊंडचं यंत्र बघून ही कल्पना सुचली, १९६७ मध्ये त्यांनी ती वापरात आणली. फेम्टो लेझर नावाचा वेगळा प्रकार आहे, तोही चीर देणं, लेन्सची पिशवी उघडणं आणि गाभ्याचे तुकडे पाडणं एवढंच करतो. शोषून काढायला फेकोचीच सुई लागते.

तांडेलांची बाहुली सुरुवातीला थेंबांनी सहा मिमीपर्यंत उघडली आणि गाभा अर्धा निघाला असताना चारवर आली, रंगीत पडदा फडफडू लागला. टॅमसुलोसिनचं हेच. सरांनी डोळ्यात फिनाइलेफ्रिन हे बाहुली मोठी करणारं औषध सोडलं, बाहुलीच्या काठाला चार बारीक हूक लावून ती ताणून धरली आणि काम पुरं केलं. पंधरा मिनिटांचं ऑपरेशन अर्ध्या तासाचं झालं. हूक आधीपासून ट्रेमध्ये होते ते निळ्या पिशवीमुळे. लेन्स गुंडाळलेल्या अवस्थेत २.८ मिमीच्या चिरेतून गेली, आत उघडली, मूळ पिशवीत बसली. शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर कॉर्नियाला थोडी सूज होती, नजर ६/१८. आठव्या दिवशी ६/९. महिन्याने बिनचष्म्याची ६/९ आणि पाव-अर्ध्या सिलिंडरने ६/६. उजव्या डोळ्याने दवाखान्याची भिंत त्यांना निळसर पांढरी दिसत होती, डाव्याने पिवळट. एकेक डोळा झाकून ते तीच भिंत किती वेळ बघत बसले.

डिस्चार्जच्या कागदावर लेन्सचं कार्ड चिकटवलेलं असतं, त्यावर मॉडेल, नंबर आणि सीरियल नंबर. ते जपून ठेवा, लॅमिनेट करा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कधी लेन्स बदलायची वेळ आली किंवा दुसऱ्या डोळ्याचं गणित करायचं तर त्याच्याशिवाय अडतं. आणि लेन्स "किती वर्षं टिकते" हे सगळेच विचारतात. ती जन्मभराची. काहींना महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागतं, तेव्हा लेन्सच्या मागची मूळ पिशवी पांढरी पडलेली असते. याग लेझरने तिला मधोमध खिडकी पाडली की मोकळं होतं. तो लेझर खरा.

घरी गेल्यावरचे नियम नेहमीचेच: डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, थेंब वेळेवर, दुखलं किंवा नजर अचानक कमी झाली तर रात्री-अपरात्रीही फोन. मधुमेह असल्याने सूज रोखणारा नेपाफेनॅकचा थेंब जास्त दिवस चालू ठेवला. अडचण आली ती चुलीच्या धुराची आणि समुद्राची. १ ऑगस्टला बंदी उठली तेव्हा ऑपरेशनला तीन आठवडेही झाले नव्हते, खारं पाणी डोळ्यात उडू द्यायचं नव्हतं. पुतण्याच गेला. तांडेल किनाऱ्यावर उभे राहून सूचना देत होते असं सुनेने सांगितलं. नारळी पौर्णिमेनंतर सरांनी परवानगी दिली.

डावा डोळा

दरम्यान एक गोष्ट आपसूक घडत होती. उजवा डोळा दूरसाठी झाला, डावा मोतीबिंदूमुळे उणे पावणेदोनवर. म्हणजे एक डोळा दूरचा, एक जवळचा. काहींना या फरकाने गरगरतं, पायरीचा अंदाज येत नाही. तांडेलांना काहीच झालं नाही. ऑक्टोबरच्या तपासणीत ते म्हणाले, जीपीएस चष्म्याशिवाय दिसतो, दर्याही दिसतो.

याला मोनोव्हिजन म्हणतात, आणि एखाद्याला ते मानवेल की नाही हे आधी कळणं अवघड असतं. इथे निसर्गाने अडीच-तीन महिने फुकट चाचणी करून दिली होती. म्हणून डाव्या डोळ्याचं लक्ष्य शून्य न ठेवता उणे १.२५ ठेवायचं ठरलं, म्हणजे साधारण ८० सेंटीमीटरवर स्पष्ट, जीपीएसच्या पडद्याचं अंतर. लेन्स उजव्यासारखीच, एकाच अंतराची. डाव्यातलं एक मिमीचं मांस कॉर्नियाचं माप बिघडवत नव्हतं, ते तसंच ठेवलं. दरवेळी त्याची लांबी मोजतो.

ऑपरेशन पुढच्या वर्षीच्या बंदीत, जूनमध्ये झालं, तोवर डाव्याची नजर ६/२४ वर उतरली होती. हूक याही वेळी लागले. निकाल उणे १.२५ ऐवजी उणे एक आला, एवढा फरक चालतो. चष्मे दोन दिले: जाळ्याच्या गाठींसाठी उजव्याला अधिक २.५० आणि डाव्याला अधिक १.५०, आणि रात्रीच्या फेरीसाठी उजवी काच शून्य, डावी उणे एक, म्हणजे काळोखात दोन्ही डोळे दूरवर लागतात. दिवसासाठी अतिनील किरणं अडवणारा गॉगल आणि काठाची टोपी, मांस परत वाढू नये म्हणून. गॉगल पोलराइज्ड घेऊ नका म्हणून सांगितलं, कारण त्यातून जीपीएसचा पडदा काही कोनांतून काळा दिसतो.

त्याच महिन्यात सुनेच्या आईच्याही डोळ्यात लेन्स बसली. कुडाळच्या निवृत्त शिक्षिका, दिवसभर वाचन, विणकाम आणि मोबाईल, रात्री घराबाहेर पाऊल नाही, मधुमेह नाही, रेटिना निरोगी, आणि नाकावर चष्मा अजिबात नको. त्यांना ट्रायफोकल दिली. दिव्याभोवती वर्तुळं दिसतात म्हणाल्या, चंद्रालाही खळं दिसतं, पण त्यांची तक्रार नाही. मुलाने मला फोन करून विचारलं, सासूबाईंना भारी आणि बाबांना साधी कशी. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्याला आता थोडं पटलं असावं, किंवा तो कंटाळला असावा.

तांडेलांना उजव्या डोळ्यात कानाच्या बाजूला अधूनमधून एक अर्धवट काळी कमान दिसते. लेन्सच्या काठामुळे असं काहींना दिसतं, बहुतेकांचं काही महिन्यांत जातं. त्यांचं अजून गेलेलं नाही. रात्रीचा चष्मा ते घालत नाहीत असं पुतण्या म्हणतो, घालतो असं ते म्हणतात. पुढची तपासणी नारळी पौर्णिमेच्या आधी, रेटिनाची ओसीटी तेव्हाच.